व्हिडिओ गेमच्या जुन्या मशीनची ‘मेमरी गेली’ म्हणजे नेमकं काय गेलं?



शाळेतला संगणक बंद पडला की आपल्याला साधारण दोनच निदानं ऐकायला मिळतात. एक, ‘मदरबोर्ड उडाला’. दुसरं, ‘मेमरी गेली’. मग ती वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला नादुरुस्त म्हणून चढते, दोन-तीन वर्षं कोपऱ्यात धूळ खाते आणि शेवटी निर्लेखनाच्या यादीत जाते. या सगळ्या प्रवासात तिला वीज नीट मिळत होती का, हे मोजून बघितलेलं असतंच असं नाही.

आजचा पाठ त्याबद्दल आहे. पण तो मी संगणकावर न घेता एका जुन्या, नाणं टाकून चालणाऱ्या व्हिडिओ गेमच्या मशीनवर घेणार आहे. कारण सरळ आहे. आताच्या मोबाईलमध्ये सगळं एकाच काळ्या चौकोनात असतं, मुलांना दाखवणार काय? जुन्या मशीनमध्ये वीज कुठून आत येते, कुठे लहान होते, लक्षात ठेवायचं काम कोणती चिप करते, हे बोट ठेवून दाखवता येतं. चिपचे पाय मोजता येतात.

आमच्याकडे असं एक मशीन आलं. लोणावळ्यातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलच्या मागच्या खोलीत ते उभं होतं, मालक भंगारात देणार होते. आता ते कामशेतच्या बाजूला टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या दुकानात आहे आणि सातवीची मुलं चार-चारच्या गटाने तिथे जातात. प्लायवूडचा उंच डबा, आत टीव्हीसारखी पिक्चर ट्यूब, खाली वीजपुरवठ्याची पेटी आणि मधे हिरवा बोर्ड. माझ्या वयाच्या पालकांना हे मशीन लगेच आठवेल. नव्वदच्या दशकात असे खेळ नाण्यावर चालायचे आणि घरून भाजीला दिलेल्या पैशांतलं एखादं नाणं तिकडे जायचं!

मशीनचं दुखणं असं होतं. सुरू केलं की कधी पडदा रंगीत ठिपक्यांनी भरायचा, कधी खेळ दोन मिनिटं चालून आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायचा, कधी नुसताच काळा. बघणाऱ्या दोघांनी सांगितलं, मेमरी गेलीय.

आधी प्लग काढा

मुलांबरोबर काम करायचं तर हा भाग सगळ्यात आधी आणि सगळ्यात कडक. रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये २० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ ट्यूबमध्ये साठून राहतो. ट्यूबच्या पाठीमागे, त्या लाल जाड वायरच्या रबरी टोपीजवळ हात घालायचा तो फक्त जाणकाराने. एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याची जी पेटी असते, तिच्या आतही तेच. आपल्या घरातली २३० व्होल्टची वीज तिथे सरळ केली जाते तेव्हा तिचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं आणि ते मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतं. म्हणून आमचा नियम असा की पेटीचं झाकण मुलांसमोर उघडायचं नाही, ट्यूबची बाजू पुठ्ठ्याने झाकायची आणि मशीनला वीज चालू असताना मुलांनी दोन हात लांब उभं राहून फक्त बघायचं, मीटर काकांच्या हातात. मुलांना स्वतः मोजायचा अनुभव द्यायचा तर त्याची सोय वर्गात टॉर्चच्या सेलवर करता येते, ती पुढे सांगते.

दुसरी गोष्ट लोणावळ्याच्या हवेची. इथे वर्षाला ४ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंतींना शेवाळ येतं, पुस्तकांना बुरशी येते, तर चिपच्या पायांना गंज का येणार नाही? चार पावसाळे बंद खोलीत काढलेलं मशीन थेट प्लगला लावू नये. आम्ही मागची फळी काढून ते आठवडाभर वाऱ्याला ठेवलं. उन्हाला नाही, त्याचं कारण पुढे येईल. आतून उंदराचं घरटं निघालं, कुरतडलेल्या दोन वायरी निघाल्या. मुलांनी त्या शोधल्या, कारण त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तेज असतात.

मग फ्यूज. काचेच्या नळीचा फ्यूज मुलांच्या हातात द्या आणि नीट बघायला सांगा. आतली तार मधेच तुटलेली पण काच स्वच्छ असेल तर थोडा जास्त भार किंवा नुसतं म्हातारपण. काच आतून काळी, चंदेरी झाली असेल तर कुठेतरी जोरदार शॉर्ट झालाय, आणि तो सापडल्याशिवाय नवा फ्यूज टाकण्यात अर्थ नाही. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळायची आपल्याकडे फार सवय आहे. ती बघितली की काका कुणालाही न जुमानता ओरडतात, आणि बरोबरच करतात.

पहिल्यांदा वीज देताना काका सिरीज बोर्ड वापरतात. पालकांपैकी कुणी वायरमन असतील तर त्यांना हे माहीत आहे. मशीनच्या वाटेत एक जुना, तारेचा पिवळा बल्ब लावायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लखकन पूर्ण पेटतो आणि मशीन वाचतं. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. हा बल्ब तारेचाच लागतो, एलईडीचा चालत नाही. आमचा बल्ब उजळला आणि मंद झाला. म्हणजे शॉर्ट नव्हता.

पाच व्होल्टची गोष्ट

वीज म्हटलं की आपल्या मावळातल्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांचं पाणी घाटाखाली सुमारे ५०० मीटर सोडून खोपोलीला टाटांचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी गेली. ज्या डोंगरावर पाऊस पडतो तिथल्या वाड्यांवर दिवे लागायला मात्र पुढे कितीतरी वर्षं जावी लागली. मुलं हे ऐकून तलावाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

तर मशीनमध्ये २३० व्होल्ट येतात आणि वीजपुरवठ्याची पेटी त्यांचे लहान भाग करते. आवाजासाठी १२ व्होल्ट आणि चिपांसाठी ५ व्होल्ट. त्या काळच्या चिपांचा स्वभाव हट्टी आहे. त्यांना ४.७५ ते ५.२५ याच्या मधलाच दाब लागतो. ४.७५ च्या खाली गेलं की त्या मरत नाहीत, चुका करायला लागतात. हाच खरा घोटाळा आहे. पंखा कमी व्होल्टेजला हळू फिरतो, ते आपल्याला दिसतं. चिप हळू होत नाही. एखादा ‘१’ तिला ‘०’ वाटतो आणि ती त्याच वेगाने चुकीचं उत्तर देत राहते.

काकांनी मीटर आधी पेटीच्या तोंडाशी लावला. ५.०५ व्होल्ट. अगदी छान. बरेच जण इथेच थांबतात आणि म्हणतात, पॉवर ओके आहे, म्हणजे मेमरीच गेली. काकांनी मीटर तिथून काढून बोर्डावर, चिपच्या पायांवर लावला. ४.६० व्होल्ट!

मधले ०.४५ व्होल्ट कुठे गेले?

हा प्रश्न मी मुलांना घरी नेऊ दिला. दुसऱ्या दिवशी एकीने सांगितलं, ‘बाई, आमच्या वाडीच्या नळाला असंच होतं. टाकीपाशी जोरात, शेवटच्या घरी करंगळीएवढं.’ याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. आता गणित. बोर्डाला साधारण ३ अँपिअर विद्युतधारा लागते. विभवांतर भागिले धारा म्हणजे रोध. ०.४५ भागिले ३, उत्तर ०.१५ ओहम. इतकासा रोध, जो साध्या मीटरवर धड मोजताही येत नाही, तो अख्खं मशीन वेडं करतो. आणि तो रोध जिथे आहे तिथे उष्णता तयार होते. ३ गुणिले ०.४५, म्हणजे १.३५ वॅट. नखाएवढ्या जागेत रोज इतकी उष्णता झाली तर ती जागा काळी पडणार. मुलांना सांगितलं, काळी जागा शोधा.

सापडली. बोर्डाच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्या असतात, त्या जोडणीच्या खाचेत बसतात. ५ व्होल्टच्या पट्ट्या तपकिरी-काळ्या झाल्या होत्या. त्या साफ करायला पेन्सिलीचं साधं पांढरं खोडरबर वापरलं. हलक्या हाताने, एकाच दिशेने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं. खाचेतल्या दोन सैल पिना बदलल्या. पुन्हा मोजलं तर बोर्डावर ४.९८.

इथे एक धोक्याची सूचना. पेटीवर ५ व्होल्ट कमी-जास्त करायचा एक छोटा स्क्रू असतो. बोर्डावर ४.६० दिसले की तो फिरवून वाढवायचा मोह होतो. तसं केलं तर आज खेळ चालेल. पण पट्टी तशीच काळी राहील, आणखी तापेल, आणि उद्या कुणी बोर्ड काढून परत घट्ट बसवला की तोच वाढवलेला दाब थेट चिपांवर जाईल. ५.५ व्होल्टला त्या टिकतीलच असं नाही. स्क्रू फिरवायचा तो वाट साफ झाल्यावर.

वर्गात हे करून बघायला मशीन लागत नाही. टॉर्चचे तीन सेल, टॉर्चचा बल्ब, वायर आणि शे-दोनशे रुपयांचा डिजिटल मीटर. सेलच्या टोकांना मोजा, बल्बच्या टोकांना मोजा. मग मधे मुद्दाम एक गंजलेला खिळा जोडा आणि पुन्हा दोन्हीकडे मोजा. आकड्यांतला फरक मुलांनी स्वतः वहीत लिहिला की रोध ही व्याख्या पाठ करायला लागत नाही. सेलच्या दाबाने शॉक बसत नाही, त्यामुळे इथे मीटर बिनधास्त मुलांच्या हातात द्यावा.

हे लिहिताना एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण वर्णनात्मक नोंदींमध्ये ‘सांगितलेले लक्षात राहत नाही’ असं किती सहज लिहितो. एक मुलगी डोंगरावरच्या वस्तीवरून तासभर चालत यायची. पहिल्या तासाला तिला सातचा पाढा येत नसे. खिचडी झाल्यावर तोच पाढा धडाधड. तिच्या पाठांतरात काहीच दोष नव्हता. पालकांनीही मुलाच्या ‘विसराळूपणा’बद्दल शाळेत येऊन बोलताना सकाळी काय खाल्लं आणि रात्री किती झोपलं हे आधी सांगावं, आम्हाला त्याचा फार उपयोग होतो.

पाटी आणि पाठ्यपुस्तक

वीज सुधारल्यावर ठिपक्यांचा पाऊस थांबला आणि मशीनचं आपोआप पहिल्यापासून सुरू होणंही थांबलं. हे दुसरं का थांबलं ते बघण्यासारखं आहे. अशा बऱ्याच बोर्डांवर वॉचडॉग नावाची सोय असते. मी मुलांना त्याला जागल्या म्हणून सांगते. मुख्य चिपने ठराविक वेळात या जागल्याला ‘मी जागी आहे’ असं कळवायचं. कळवलं नाही तर जागल्या समजतो ही भरकटली, आणि मशीन पहिल्यापासून सुरू करतो. म्हणजे वारंवार सुरू-बंद होणं हे वीज तुटल्यासारखं दिसतं, पण मेमरीतली एखादी चूक वाचून मुख्य चिप भरकटली तरी तेच होतं. आणि पडद्यावरचा कचरा मेमरीचा वाटतो, पण दाब कमी असला तरी तोच दिसतो. दोन्ही दुखणी एकमेकांचे कपडे घालून येतात. म्हणूनच आधी वीज, मग मेमरी हा क्रम. उलटा क्रम धरला तर चांगल्या चिपा काढून टाकल्या जातात.

पण आमच्या मशीनमध्ये मेमरीचाही खरा दोष होता. वीज ठीक झाल्यावर तो उघडा पडला.

त्याआधी मेमरीचे दोन प्रकार. एक रॉम, हे आपलं छापील पाठ्यपुस्तक. खेळ कसा चालवायचा हे त्यात कायमचं लिहिलेलं. वीज गेली तरी जात नाही. जुन्या बोर्डांवर या चिपेला वरून काचेची खिडकी असते आणि तिच्यावर स्टिकर चिकटवलेला असतो. त्या खिडकीतून अतिनील किरण पडले की लिहिलेलं पुसलं जातं. उन्हातही ते किरण असतात, पुसायला वेळ लागतो इतकंच. म्हणून मशीन उन्हात वाळवायचं नाही आणि तो स्टिकर कुणी ‘साफसफाई’ म्हणून काढायचा नाही.

दुसरी रॅम, ही पाटी. खेळताना गुण किती झाले, शत्रू कुठे आहे, पडद्याच्या कोणत्या चौकटीत कोणतं चित्र, हे तिच्यावर लिहायचं आणि पुसायचं. वीज गेली की पाटी कोरी.

आमच्या बोर्डावर पडद्याच्या पाटीसाठी २११४ नावाच्या दोन चिपा आहेत. प्रत्येकीत १०२४ घरं आणि प्रत्येक घरात ४ खुणा मावतात. दोघी मिळून ८ खुणांचे १०२४ आकडे. बस, एवढीच मेमरी! आईबाबांच्या ४ जीबीच्या फोनमध्ये याच्या सुमारे ४२ लाख पट मेमरी असते. हा आकडा मुलांनीच काढला.

आता पडदा स्थिर दिसत होता, खेळ चालत होता, पण वर इंग्रजीत ‘हाय स्कोअर’ लिहिलेलं असतं तिथे भलतंच लिहिलेलं. पहिल्या शब्दाची एच, आय, जी, एच ही अक्षरं असायला हवीत, तिथे जे, के, जी, जे. दुसऱ्या शब्दात एस, सी, ओ, आर बरोबर, पण शेवटच्या ई ऐवजी जी. शून्याच्या जागी २. आणि जिथे काहीच नको त्या काळ्या भागात सगळीकडे अवतरणचिन्हांची रांगोळी.

मुलं हसून हसून दमली. पण हा कचरा नव्हता, त्यात नियम होता. तो शोधायचा खेळ आम्ही वर्गात घेतला आणि तुम्हीही घ्या, फार मजा येते. आठ मुलं ओळीत बसवा. प्रत्येकाच्या गळ्यात एक पाटी, १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. उभं राहिलं तर तो आकडा मोजायचा, बसलं तर नाही. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. इंग्रजी ए म्हणजे ६५, बी ६६, असं पुढे. एच म्हणजे ७२. मग ६४ आणि ८ ही मुलं उभी राहतात, बाकी बसतात.

आता २ ची पाटी घातलेल्या मुलाला सांगा, काही झालं तरी बसायचं नाही. परत एच बनवा. ६४ अधिक ८ अधिक २, झाले ७४. ७४ म्हणजे जे! आय म्हणजे ७३, तो होतो ७५, म्हणजे के. ई ६९ चा होतो ७१, म्हणजे जी. पण जी मूळचाच ७१, म्हणजे ६४, ४, २, १. त्यात २ चं मूल उभंच असायला हवं, म्हणून जी बिघडत नाही. एस, सी, ओ, आर यांचंही तेच. शून्य या अंकाचा क्रमांक ४८, तो होतो ५०, आणि ५० म्हणजे २ हा अंक. रिकाम्या जागेचा क्रमांक ३२, तो होतो ३४, आणि ३४ म्हणजे अवतरणचिन्ह. सगळं जुळलं. पडद्याच्या मेमरीतली २ ची खूण ‘१’ वर अडकली होती.

यात माझ्या मते मुलांनी लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की नऊपैकी पाच अक्षरं बरोबर होती. अडकलेली खूण निम्म्या वेळेला बरोबरच असते. त्यामुळे एखाद-दुसरं अक्षर तपासून ‘मेमरी चांगली आहे’ म्हणणं धोक्याचं. खरी तपासणी करताना प्रत्येक घरात सगळे ० लिहून वाचायचे, मग सगळे १ लिहून वाचायचे. अनेक जुने खेळ सुरू होताना ही तपासणी स्वतःच करतात. १९८० सालच्या ‘पॅक-मॅन’चं मशीन सुरू केलं की काही क्षण पडदाभर वेडीवाकडी अक्षरं येतात आणि मग मेमरी ओके असल्याचं इंग्रजीत लिहून येतं. रॉमची तपासणी वेगळी असते. त्यातले सगळे आकडे बेरीज करून ठरलेल्या उत्तराशी ताडून बघायचे. आपण पोषण आहाराच्या नोंदवहीची उभी-आडवी बेरीज जुळवतो तसंच. बेरीज चुकली तर काहीतरी चुकलंय एवढं कळतं, नेमकं कोणत्या दिवशी ते कळत नाही.

मग प्रश्न, दोष चिपमध्ये की ती बसते त्या सॉकेटमध्ये? आकड्यातल्या लहान चार खुणा एका चिपमध्ये, मोठ्या चार दुसरीत. काकांनी वीज बंद करून दोन्ही चिपांची अदलाबदल केली. बाकी काहीही हलवलं नाही. मुलांना आधीच अंदाज लिहून ठेवायला सांगितला होता. दोष चिपमध्ये असेल तर तो तिच्याबरोबर जाईल, २ च्या जागी आता ३२ ची खूण अडकेल. सॉकेटमध्ये किंवा बोर्डाच्या रेषेत असेल तर २ चीच अडकलेली राहील.

वीज दिली. शून्य शून्य दिसलं, रांगोळी गायब, पण सगळ्या अक्षरांच्या जागी खेळातल्या चित्रांचे तुकडे! ज्या मुलीने ३२ लिहिलं होतं ती उभी राहून सांगायला लागली. अंकांचे क्रमांक ४८ ते ५७, त्यांत ३२ आहेच. रिकामी जागा म्हणजे ३२ च. म्हणून ते सुधारले. ए म्हणजे ६५, त्यात ३२ नाही, म्हणून तो झाला ९७, आणि तिथे या खेळात दुसरंच चित्र ठेवलेलं. दोष चिपबरोबर गेला होता. २११४ आता नव्याने बनत नाही. पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जुन्या बोर्डावरून काढलेली एक मिळाली, ती बसवली आणि अक्षरं जागेवर आली.

दोष नसलेला कचरा आणि संपलेली बॅटरी

पडद्यावर कचरा दिसला म्हणजे काहीतरी जळलंच असंही नाही. ‘पॅक-मॅन’मध्ये २५६ व्या पातळीला अर्धा पडदा अक्षरांच्या गोंधळाने भरतो, अगदी नव्याकोऱ्या मशीनवरसुद्धा. पातळीचा आकडा आठ खुणांत ठेवलेला, त्यात २५५ च्या पुढे जागा नाही. आठही मुलं उभी आहेत, आता आणखी एक मिळवायचा कसा? सगळे खाली बसतात आणि पुन्हा शून्य. तिथे हिशेब चुकतो. १९७८ च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’मध्ये शत्रू कमी होत गेले की उरलेले वेगाने पळतात, तेही मुळात ठरवून केलेलं नव्हतं. चिपला काढायची चित्रं कमी झाली म्हणून ती भराभर काढू लागली. ही दोन्ही उदाहरणं आठ मुलांच्या खेळानंतर सांगितली तर मुलांना पटकन कळतात.

काही बोर्डांवर रॅमला एक छोटी बॅटरी जोडलेली असते, म्हणजे वीज गेली तरी पाटी पुसली जाऊ नये. ती बॅटरी वयाने फुटते आणि तिचा रस तांब्याच्या रेषा खातो. निळसर-हिरवी बुरशी दिसली तर तेच समजा. १९९३ पासून आलेल्या कॅपकॉमच्या ‘सीपीएस-२’ बोर्डांमध्ये तर खेळ उलगडायची किल्लीच अशा बॅटरीवरच्या मेमरीत होती, बॅटरी संपली की अख्खा खेळ मुका. शाळेच्या संगणकात ही बॅटरी नाण्याएवढी असते, तिचं नाव सीआर २०३२. रोज सकाळी संगणक जुनी तारीख दाखवत असेल तर मेमरी, मदरबोर्ड काही गेलेलं नाही, ती बॅटरी बदला. आणि संगणक सुरू होताना नुसती टीं-टीं वाजून पडदा काळा राहत असेल तर प्लग काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवा, घट्ट बसवा आणि मगच रजिस्टर उघडा.

आमच्या मशीनचं अजून सगळं झालेलं नाही. आवाजात सतत एक घरघर आहे. आपली वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते, ती सरळ करताना १०० लाटा उरतात आणि त्या सपाट करायचं काम कपॅसिटर करतो. तो आतून सुकला की त्या लाटा स्पीकरमध्ये ऐकू येतात. आवाजाच्या भागात असे चार कपॅसिटर आहेत, दोघांचं डोकं फुगलेलं दिसतंय. तपकीर गल्लीला पुढच्या खेपेला कुणी गेलं की ते आणायचे आहेत.